‘मले नाही येत’ म्हणणाऱ्या आपल्या लेकी

सातवीपर्यंत वर्गात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असणारी मुलगी नववीत गेली की एकाएकी मागे का पडते? गुरुजींनी प्रश्न विचारताच सर्वांच्या आधी वर जाणारा तिचा हात खाली का राहू लागतो? आईबाप म्हणतात, “वयात आली, ध्यान उडालं.” शेजारीण म्हणते, “पोरीच्या जातीचं डोकं तेवढंच असते.” शिक्षक म्हणतात, घरी अभ्यास घेत नसतील. काही मुलींच्या बाबतीत यातले काही खरे असेलही. घरकाम वाढते, वेचणीला जावे लागते, घरात आजारपण येते. पण आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुलींचे खरे कारण वेगळेच असते. तिचे डोके मंद झालेले नसते. तिने ते लपवायला सुरुवात केलेली असते.

होय, लपवायला! घरखर्चातून वाचवलेले चार पैसे आई जसे डब्याच्या तळाशी लपवते, तशी ही मुलगी आपली बुद्धी लपवते. फरक एवढाच, की डब्यातला पैसा अडीअडचणीला कामी येतो. लपवलेली बुद्धी मात्र पडून पडून गंजते.

हे ती कोणाकडून शिकते? दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळदा ती हे आपल्याकडूनच शिकते.

तीन धडे

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. भोवताली काळी जमीन आणि कापूस. वेचणीच्या दिवसांत सुट्टी पाहून मुलगीही मायसोबत कमरेला ओटी बांधून शेतात जाते. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जातो. मजुरी किलोमागे. आठवड्याचे किलो किती, उचल किती, हाती किती यायला पाहिजे, हे शाळेत जाणाऱ्या मुलीने मनातल्या मनात केव्हाच मांडलेले असते. हिशेब लिहिणाऱ्याने सांगितलेला आकडा कमी आहे, हे तिच्या ध्यानात येते. ती तोंड उघडणार, तोच माय कोपर मारते. “चूप राय वं! लय शायनी नोको होऊ. उद्या कामाले कोणी बलावणार नाही.”

या मायला दोष देणे सोपे आहे. पण तिच्या डोळ्यांपुढे उद्याची चूल असते. तिची भीती खोटी नाही. मात्र मुलगी त्या संध्याकाळी एक धडा घेऊन घरी येते: येत असले तरी सांगायचे नसते.

दुसरा धडा शाळेत मिळतो. पंधराव्या वर्षी मैत्रिणी म्हणजे अर्धे जग असते. ‘मार्कवाली आली’, ‘बाईंची लाडकी आली’ असे टोमणे सुरू झाले, डबा खाताना कोणी सरकून जागा देईनासे झाले, की मुलगी आतून तुटते. मग ती युक्ती करते. पेपर चांगला गेला तरी “लय खराब गेला” म्हणते. बीजगणिताचे उत्तर वहीत बरोबर लिहिलेले असते, पण फळ्यापाशी बोलावले की “मले नाही येत” म्हणून मान खाली घालते. वर्ग हसतो, तीही हसते, आणि मैत्री टिकते. एका खोट्या वाक्यात एवढे सगळे मिळते, तर ती खरे कशाला बोलेल?

तिसरा धडा घरात मिळतो. भावापेक्षा बहिणीला जास्त गुण पडले तर ‘त्याच्या मनाले लागन’ म्हणून तिच्या गुणांची वाच्यता होत नाही. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की काळजी वेगळी. पोरगी फार शिकली तर तिच्या जोडीचा पोरगा कुठून आणायचा? पाहुणे येणार असले की सूचना मिळते, विचारलं तेवढंच बोलजो. म्हणजे जी गोष्ट मुलाच्या बाबतीत हुंडी, तीच मुलीच्या बाबतीत उधारी!

आपली भाषासुद्धा तपासून पाहा. ‘शहाणा मुलगा’ ही शाबासकी आहे. ‘लय शायनी’, ‘अतिशहाणी’, ‘दीडशहाणी’ हे मुलीला दटावण्याचे शब्द आहेत. ज्या घरात शहाणपण हीच मुलीची शिवी होते, त्या घरात ती शहाणी दिसायला कशी धजावेल?

जगभरचा रोग, वर जातीचा डाग

हे फक्त गरिबांच्या वस्तीतच घडते असे समजू नका. अमेरिकेत मिरा कोमारोव्स्की या समाजशास्त्रज्ञ बाईंनी महाविद्यालयीन तरुणींचा अभ्यास करून १९४६ साली तो प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे ४० टक्के तरुणींनी कबूल केले, की तरुणांसोबत असताना आपण कधी ना कधी मुद्दाम कमी अकलेच्या असल्याचे सोंग घेतले आहे. या शिकल्यासवरल्या, चांगल्या घरच्या मुली होत्या. पुढे २०१७ साली अमेरिकेतच लहान मुलांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार कोण?’ या प्रश्नाला आपल्यासारख्या मुलींकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या झाल्या की तो विश्वास ओसरू लागला होता. म्हणजे नववीत दिसणाऱ्या रोगाचे बी पहिलीतच पडते.

आपल्या मुलींवर याशिवाय दुसरे ओझे आहे, ते जातीचे. ती मागे पडली तर ‘यांचं असंच’. ती पुढे गेली तर ‘यांना काय, सवलती आहेत’. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात नावे पुकारली की चाळीस डोळे तिच्याकडे वळतात. त्या नजरा चुकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे कोणाच्या लक्षातच न येणे. पुढेही नाही, मागेही नाही. मधल्या बाकावर, मधल्या गुणांत, गप्प.

जात पुकारण्याचा परिणाम किती खोल जातो याचा एक पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींची मुले सारखीच कोडी सोडवत होती. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली. त्यानंतर खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच. फक्त जात पुकारली गेली होती! हा प्रयोग मुलग्यांवर झाला होता. ज्या मुलीला जातही आहे आणि मुलगी असणेही आहे, तिच्या मनाचे काय होत असेल याचा विचार आपणच करावा.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचे उदाहरण विदर्भातल्या प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे. महार कुटुंबातली ही मुलगी, आणि शिकायला विषय निवडला संस्कृत! जी भाषा ऐकण्याचाही अधिकार आपल्या पूर्वजांना नाकारला होता, तीत त्या एम. ए. झाल्या. लोकांनी कौतुक केले, पण नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर नावापुढे ‘पावडे’ हे आडनाव लागले आणि मग नोकरी मिळाली, ही बोचरी हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांचे ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्या अमरावतीला संस्कृतच्या प्राध्यापिका होत्या. २०२३ साली त्यांचे निधन झाले. आपली बुद्धी त्यांनी झाकली नाही. समाजाने मात्र बुद्धीच्या आधी आडनाव पाहिले.

दोन बोटांची अक्कल

स्त्रीला अक्कल कमी, हे म्हणणे आजचे नाही. भगवान बुद्धांच्या काळातही ते होतेच. संयुक्त निकायात सोमा नावाच्या भिक्खुणीची कथा आहे. ती श्रावस्तीजवळच्या वनात ध्यानाला बसली असता मार तिच्यापाशी येतो आणि तिला हिणवतो, की ऋषींना जे पद मिळवणे कठीण, ते दोन बोटांची अक्कल असणाऱ्या बाईला कसे मिळणार? ‘दोन बोटांची अक्कल’ म्हणजे काय, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. भात शिजला की नाही हे पाहायला आपण शीत दोन बोटांत दाबून बघतो, तेवढीच म्हणे बाईची बुद्धी! सोमा घाबरली नाही, रडली नाही, ‘होय, मला नाही कळत’ असेही म्हणाली नाही. चित्त स्थिर असेल आणि धम्म स्पष्ट दिसत असेल, तर स्त्रीपणाचा त्यात संबंधच काय, असा तिचा सवाल होता. माराने काढता पाय घेतला.

धम्मदिन्ना थेरीची कथा तर प्रत्येक नवऱ्याने ऐकावी अशी आहे. ती भिक्खुणी झाल्यावर तिचा पूर्वीचा पती विशाख तिला धम्माचे एकामागून एक अवघड प्रश्न विचारतो. ती न अडखळता उत्तरे देते. विशाख ती सारी चर्चा भगवंतांना सांगतो, तेव्हा भगवंत म्हणतात, मला विचारले असते तर मीही हेच उत्तर दिले असते. पत्नीच्या बुद्धीने विशाख लहान झाला नाही. त्याच्या प्रश्नांमुळे तिचे ज्ञान आपल्यापर्यंत पोचले.

म्हणून हे नीट ध्यानात घ्या. मुलीची हुशारी दडपणे ही आपली परंपरा नाही. ती मनूच्या घरची रीत आहे. आपण धम्म घेतला, पण ती रीत दाराआड तशीच राहू दिली काय?

फलटणच्या बेबीताई

आता एक अशी गोष्ट, जी या विषयाच्या गाभ्याशी जाते. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या बेबीताई कांबळे. जन्म १९२९, शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, लग्न लहान वयात. शाळेत असताना आपल्या समाजाच्या मुलींचा त्यांचा एक गट होता. सवर्ण मुली शिवाशीव पाळत, हिणवत, तेव्हा या मुली गप्प बसत नसत, भांडत. बाबासाहेबांच्या चळवळीचे वारे अंगात भरलेले होते.

त्याच बेबीताई लग्नानंतर काय करत होत्या? छोटेसे दुकान चालवताना पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत. आणि लिहीत, पण लपून! आपले लिखाण त्यांनी अनेक वर्षे नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून दडवून ठेवले. फलटणला राहून शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. आज ते अनेक विद्यापीठांत वाचले जाते. बेबीताई २०१२ साली गेल्या.

ज्या मुलीने शाळेत तोंड उघडले, तिनेच घरात वही का लपवली? तिची हिंमत कमी झाली होती काय? नाही. शाळेत तिच्या सोबत मैत्रिणी होत्या, घरात ती एकटी होती. या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. एकटी मुलगी बुद्धी लपवते. चारजणी सोबत असल्या तर लपवावी लागत नाही. म्हणून मुलीला नुसते ‘धीट हो’ म्हणून भागत नाही. धीट होण्यासाठी लागणारी सोबत आपण तिला दिली पाहिजे.

आणि हेही पाहा, की बेबीताईंच्या वह्या सापडल्या. ज्या वह्या चुलीत गेल्या, उंदरांनी खाल्ल्या, ज्या कधी लिहिल्याच गेल्या नाहीत, त्यांचा हिशेब कोणाकडे आहे?

बाबासाहेबांनी काय सांगितले होते?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस हजारांहून अधिक स्त्रिया आल्या होत्या. त्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयाआज्यांना सांगितले, की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, न्यूनगंड काढून टाका, लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची गुलाम नव्हे तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. ‘मुलीला शाळेत घाला’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. मनातला कमीपणा काढा, हेही सांगितले. त्यातला पहिला भाग आपण बऱ्यापैकी पाळला. वस्तीतल्या मुली आज शाळेत जातात. दुसरा भाग अजून शिल्लक आहे.

१९५४ साली मुंबईच्या सभेत बाबासाहेबांनी आपली तीन उपास्य दैवते सांगितली: विद्या, स्वाभिमान आणि शील. मुलगी येत असूनही ‘येत नाही’ म्हणते, तेव्हा या तिन्हींना धक्का लागतो. विद्या झाकली जाते, स्वाभिमान वाकतो, आणि तोंडातून असत्य निघते. पंचशीलातल्या चौथ्या शीलाचा हा भंग तिच्या माथी मारू नका. ते असत्य आपण तिच्याकडून वदवून घेतो.

यात नुकसान किती? ‘मले सायन्स नाही जमत’ म्हणून दहावीनंतर सोपा मार्ग धरणारी मुलगी डॉक्टर, परिचारिका, अभियंता व्हायची राहते. काट्यावरचा हिशेब चुकतो तो चुकतोच. आणि सर्वांत वाईट म्हणजे जे येते ते लपवायची सवय लागली, की मुलगी जे दुखते तेही लपवू लागते. सासरचा जाच, अंगावरचा आजार, सारे ‘काही नाही’ या दोन शब्दांत दडवते. हुशारी लपवणे ही गप्प बसण्याची पहिली इयत्ता आहे.

मग करायचे काय?

घरापासून सुरुवात करू. मुलाचा निकाल जसा चार लोकांत सांगतो, तसाच मुलीचाही सांगा, तिच्यादेखत. ‘लय शायनी’ हा शब्द शिवी म्हणून वापरणे आजपासून बंद. मजुरीची एक वही घरात ठेवा. रोजचे किलो, उचल, शिल्लक मुलीने लिहावी. काट्यावर तिला एकटीला उलट बोलायला लावू नका. चार बायांनी मिळून आपापली वही पुढे करावी. वही बोलली की कोणा एकीवर राग निघत नाही, आणि मुलीला कळते की आपले गणित घराच्या कामी येते. बचत गटाचे पासबुक, रेशनचा हिशेब तिच्याकडून तपासून घ्या. बापाने तिला मदतीला म्हणून नव्हे, सल्ल्याला म्हणून हाक मारावी.

नंतर विहार. १४ एप्रिलला आपण मुलींना भाषण करायला लावतो. पण ते भाषण बहुधा कोणी दादा लिहून देतो, मुलगी पाठ करते, आपण टाळ्या वाजवतो. पाठांतराला टाळ्या आणि प्रश्नाला दटावणी, हे कसे चालेल? तिचे भाषण तिला लिहू द्या. चुकू द्या. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एका दिवसाचा भाग नववी-दहावीतल्या मुलीकडे सोपवा. तिने नुसता वाचू नये, समजावून सांगावा, आणि मोठ्यांनी तिला प्रश्न विचारावेत. विशाखाने विचारले तसे.

तिसरी गोष्ट सोबतीची. विहारात संध्याकाळी तासभर चार-पाच मुलींचे अभ्यास मंडळ बसू द्या. एखादी शिकलेली ताई किंवा वस्तीतली आजी सोबतीला बसली तरी पुरे. गणित जिला येते तिने इतरांना शिकवावे. हुशारी वाटली की मत्सर निवतो, आणि ‘मार्कवाली’ सर्वांची ‘आपलीवाली’ होते. संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश मोर्चापुरता नाही, शाळेच्या बाकापुरताही आहे.

आपल्या समाजातल्या शिक्षक बंधुभगिनींनाही विनंती आहे. गप्प मुलीला नावाने हाक मारून प्रश्न विचारा, उत्तरासाठी थोडे थांबा. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात वाचू नका. एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक शांत मुलगी काही लपवत असतेच असे नाही, आणि प्रत्येक मुलीने पहिलेच यावे असा हट्टही नको. पहिल्या क्रमांकाचे ओझे हा दुसरा जाच आहे. जे येते ते येते आणि जे येत नाही ते येत नाही, हे तिला न घाबरता सांगता यावे, एवढेच आपले मागणे आहे.

आणि मुलींनो, दोन शब्द तुमच्याशी. तुमच्याच वयाच्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकत असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. ‘मला काय कळते’ असे म्हणून ती गप्प राहिली असती, तर त्या काळचे आपले दुःख आपल्याच मुलीच्या शब्दांत आज वाचायला मिळाले नसते. तुम्हाला चिडवणाऱ्या मैत्रिणींवर रागावू नका. त्यांच्यातल्याही काहीजणी तुमच्यासारखेच काहीतरी झाकून बसल्या असतील. त्यांच्या शेजारी जाऊन बसा, वही उघडा आणि म्हणा, “मले येते. ये, तुले सांगतो.”

जय भीम!